हा पेपर कुणाचा?

प्रश्न असा आला आहे: "कोल्हापुरात राहून राज्यसेवेची तयारी करतोय. क्लासमधले सर सांगतात, अमुक साप्ताहिक डावं, तमुक उजवं, अमका पेपर सत्ताधाऱ्यांचा. घरी आजोबा चाळीस वर्षं एकच पेपर वाचतात आणि त्यात आलं म्हणजे खरं, असं धरून चालतात. निःपक्ष म्हणावं असं एखादं नियतकालिक आहे का? नसेल तर कल ओळखायचा कसा?"

मी कोल्हापुरातल्या दैनिकांच्या डेस्कवर सत्तावीस वर्षं काढली. आधी तालुक्याची पानं लावली, नंतर पान एक. तेवढ्या अनुभवावर सांगतो: निःपक्ष नियतकालिक मी पाहिलेलं नाही आणि ते शोधण्यात तुम्ही वेळ घालवू नये. कल प्रत्येकाला असतो. जो कल उघड सांगितलेला आहे त्याची मला कधी भीती वाटली नाही. वाचकाचं खरं नुकसान होतं ते पेपर जिथे गप्प बसतो तिथे, कारण न छापलेली बातमी वाचकाच्या हातात पडतच नाही. म्हणून डावं-उजवं ठरवण्याआधी हा पेपर कोणत्या विषयावर तोंड उघडत नाही ते शोधा. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवात आपल्याच गावापासून करतो, कारण मराठी पत्रकारितेतला पक्षपाताचा पहिला मोठा धडा कोल्हापूरच्या निमित्ताने गिरवला गेला. ४ जानेवारी १८८१ ला 'केसरी' निघाला. आगरकर संपादक, आणि इंग्रजी 'मराठा' टिळकांकडे. इथे चौथे शिवाजी महाराज गादीवर होते. त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, अशी चर्चा होती. दोन्ही वृत्तपत्रांनी महाराजांची बाजू घेतली आणि बर्व्यांच्या नावची म्हणून मिळालेली पत्रं छापली. ती पत्रं बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ च्या जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले.

विद्यार्थ्यांना हा प्रसंग मी त्यागाची गोष्ट म्हणून सांगत नाही, कामाचा धडा म्हणून सांगतो. दोघांचा हेतू स्वच्छ होता. महाराजांविषयीची काळजीही अनाठायी नव्हती, डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांचा अंत झालाच. पण आपल्या बाजूला बळ देणारा कागद हाती आला, तेव्हा तो पुरेसा पारखला गेला नाही. पक्षपात नेमका असाच शिरतो. समोरच्याच्या विरोधातला कागद आपण चटकन खरा मानतो आणि आपल्या माणसाच्या विरोधातला कागद आला की शिक्का, सही, तारीख सगळं तपासायला बसतो. डेस्कवर मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे, स्वतःही केलं आहे.

आता पुढचं बघा. छत्रपतींच्या घरचे विधी वेदमंत्रांनी करायला ब्राह्मणांनी नकार दिला, ते वेदोक्त प्रकरण पेटलं तेव्हा, १९०१ मध्ये, तोच 'केसरी' शाहू महाराजांच्या विरोधात उभा राहिला. वीस वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींसाठी तुरुंगात गेलेलं पत्र कोल्हापूरच्याच छत्रपतींना धर्माधिकार नाकारणाऱ्यांच्या बाजूला गेलं. इंग्रज सरकारपुढे न झुकणारं पत्र जातीच्या प्रश्नावर सनातन्यांसोबत होतं. याला डावं म्हणाल की उजवं? मतभेदामुळे आगरकर तर १८८७ मध्येच 'केसरी'तून बाहेर पडले होते आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा वाद त्या काळी डाव्या-उजव्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

'डावे' आणि 'उजवे' हे शब्द १७८९ मधल्या फ्रान्सच्या सभागृहातल्या बसण्याच्या जागांवरून आले. राजाचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला, विरोधक डाव्या हाताला. मराठी नियतकालिकं या एका रेषेवर नीट बसत नाहीत. इथे जात, शेती, सहकार, भाषा आणि धर्म अशा निदान पाच रेषा आहेत, आणि एकच संपादक एका रेषेवर पुढे आणि दुसरीवर मागे असू शकतो. क्लासच्या सरांनी वहीत दोन रकाने करून दिले असतील तर परीक्षेपुरते ठेवा, पण वाचताना ते बाजूला ठेवा.

शाहू महाराजांनी या सगळ्यातून काय केलं ते माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं आहे. त्यांच्या बाजूची पत्रं उभी राहावीत म्हणून त्यांनी पैसा घातला. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचं 'मूकनायक' निघालं, त्याला महाराजांची अडीच हजार रुपयांची मदत होती. त्याच्या प्रसिद्धीची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद झाली, तिला महाराज आणि बाबासाहेब दोघेही होते. म्हणजे 'मूकनायक' राजाश्रयावर निघालं, उघड बाजू घेऊन निघालं, आणि तरी ज्यांना कुणीच छापत नव्हतं त्यांचं म्हणणं त्यातच सापडत होतं. पैसा कुठून आला हा प्रश्न विचाराच, पण त्या पैशाने कुणाचं तोंड उघडलं आणि कुणाचं बंद झालं, हे त्याच्याबरोबर विचारलं पाहिजे.

आता तुमच्या साप्ताहिकांकडे वळतो. मताचं नियतकालिक मत मांडण्यासाठीच असतं. 'साधना' साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलं, ते समाजवादी विचाराचं आहे. 'विवेक' संघविचाराचं आहे. दोघांनीही हे कधी लपवलेलं नाही. असं पत्र हातात घेताना तुम्हाला आधीच ठाऊक असतं की वकील कुणाचा आहे, आणि चांगल्या वकिलाचा युक्तिवाद ऐकण्यात नुकसान काहीच नाही. तुम्ही परीक्षेसाठी 'द इकॉनॉमिस्ट' वाचत असाल तर त्यालाही हेच लागू. धान्यावरची आयात-बंधनं उठावीत या मोहिमेसाठी ते १८४३ मध्ये निघालं आणि खुल्या व्यापाराची बाजू त्याने आजतागायत सोडलेली नाही. त्याचे संस्थापक जेम्स विल्सन पुढे हिंदुस्थानात अर्थखात्याचे सदस्य म्हणून आले आणि १८६० मध्ये इथला पहिला प्राप्तिकर त्यांनीच आणला. त्यातल्या लेखांवर लेखकाचं नाव नसतं, त्यामुळे वाचणाऱ्याला तो निकालपत्राचा आवाज वाटतो. तो एका ठाम मताचा आवाज आहे हे डोक्यात ठेवून वाचा, मग फार उपयोगी पडेल.

मताच्या पत्राची परीक्षा मी एकाच प्रश्नाने घेतो: आपल्या माणसांना हे कधी बोललं आहे का? अमेरिकेतलं 'नॅशनल रिव्ह्यू' १९५५ पासून पुराणमतवाद्यांचं मुखपत्र मानलं जातं. २०१६ च्या जानेवारीत त्याने आपल्याच गोटातून पुढे येणाऱ्या ट्रम्प यांच्या विरोधात खास अंक काढला. त्यांची मतं तुम्हाला पटोत न पटोत, पण वाचक दुखावेल हे माहीत असताना आपल्या लोकांविरुद्ध लिहिणारं पत्र विश्वासाने हातात घेता येतं. तुम्ही जे साप्ताहिक वाचता त्याचे मागच्या वर्षाचे अंक काढा आणि आपल्या बाजूच्या सरकारवर, आपल्या बाजूच्या संघटनेवर टीका करणारे किती लेख आहेत ते मोजा. विरोधी मताची पत्रं छापतात का तेही बघा. एका दुपारचं काम आहे.

दैनिकांचं मात्र वेगळं. दैनिक स्वतःला बातमीचं म्हणवतं आणि तिथे वकील कोण ते लिहिलेलं नसतं. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ ला पुण्यात 'सकाळ' काढला तो बातमीला पहिलं स्थान द्यायचं म्हणून. १९८५ पासून तो पवार कुटुंबाकडे आहे. 'लोकमत' दर्डा कुटुंबाचा, आणि त्या घरातले लोक काँग्रेसकडून मंत्री आणि खासदार झालेले आहेत. 'सामना' १९८८ पासून शिवसेनेचं आणि २०२२ च्या फुटीनंतर ठाकरे गटाचं मुखपत्र. आपल्या कोल्हापूरचा 'पुढारी' १९३९ पासून जाधव कुटुंबाचा. यात गुपित काही नाही आणि मी कुणावर आरोपही करत नाही. मालकी माहीत असणं म्हणजे बातमीची दिशा कळली असं समजू नका. पण कोणत्या विषयावर जरा जास्त सावध राहून वाचायचं ते त्यावरून कळतं.

मालकी शोधायची कुठे? शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं असतात, ती ओळ वाचायची सवय लावा. आणि वाचनालयात जुन्या फायली मिळाल्या तर कोणत्याही वर्षाचा मार्चचा पहिला आठवडा काढा. १९५६ च्या नियमांप्रमाणे फेब्रुवारी संपला की पहिल्या अंकात 'फॉर्म ४' छापावा लागे. त्यात मालकांची आणि भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असणाऱ्यांची नावं असतात. वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा आला आहे, पण त्या फायलींमधली माहिती कुठे जात नाही.

आता जवळून पाहिलेलं एक सांगतो. सप्टेंबर हा आपल्याकडे वार्षिक सभांचा महिना. एका सहकारी संस्थेची सभा होती, नाव सांगत नाही. रात्री नऊला आमच्या वार्ताहराचा फोन आला. विरोधकांनी माइक ओढला, विषयपत्रिका नीट वाचलीसुद्धा नाही, व्यासपीठावरून 'मंजूर, मंजूर' म्हणत काही मिनिटांत सभा गुंडाळली, बाहेर पटांगणात समांतर सभा झाली. मी बातमी घेतली, तीन कॉलम ठेवली. दहा वाजता जाहिरात विभागातून प्रेस नोट आली. सोबत दुसऱ्या दिवसाची अर्ध्या पानाची आभाराची जाहिरात होती. प्रेस नोटमध्ये लिहिलं होतं, 'सर्व विषय खेळीमेळीच्या वातावरणात मंजूर'. डाक आवृत्ती सोडायला अर्धा तास राहिला होता. मला कुणी धमकी दिली नाही, वरून फोनही आला नाही. मी स्वतःच वार्ताहराची कॉपी बाजूला ठेवली आणि 'सर्व विषय मंजूर' असं शीर्षक देऊन दोन कॉलमांत प्रेस नोट लावली. 'खेळीमेळी' हा शब्द तेवढा काढला आणि मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वयस्क सभासद ऑफिसात आले. गांधी टोपी, हातात सभेचा अहवाल, त्यात प्रश्न विचारायच्या पानांवर पेन्सिलीने खुणा केलेल्या. ते चिडले नाहीत. अहवाल टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "साहेब, मी तिथं होतो." मला उत्तर देता आलं नाही.

त्या बातमीत एकही वाक्य खोटं नव्हतं. विषय मंजूर झालेच होते. प्रेस कौन्सिलकडे तक्रार गेली असती तरी काय दाखवणार? जिल्ह्यातल्या पेपरात पक्षपात बहुतेक वेळा असा असतो. पक्षाचा झेंडा त्यात नसतो. जाहिरात असते, वार्ताहर हाच जाहिरातीचा एजंट असतो, त्याचं पोट कमिशनवर असतं, आणि ज्या संस्थांची बातमी द्यायची त्याच संस्था वाढदिवसाच्या पुरवण्या देतात. सरकारी जाहिरातींचंही तेच. यादीवर असलेल्या छोट्या पेपराचा महिना त्यावर निघतो, मग त्या खात्याविरुद्धची बातमी आतल्या पानावर एका कॉलमात जाते. म्हणून कोल्हापुरात पेपरचा कल बघायचा तर आधी सहकारातल्या बातम्या बघा. साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, बाजार समिती. दिल्लीवर कडक अग्रलेख लिहिणं सोपं आहे, कारण दिल्लीहून अर्ध्या पानाची जाहिरात परत जात नाही.

निवडणुकीत हेच उघड विक्रीला निघतं. २००९ च्या विधानसभेच्या वेळी 'पॅकेज', म्हणजे पैसे मोजून बातम्या छापून घेणं, हा शब्द सगळ्या महाराष्ट्राला कळला. एकाच उमेदवाराचा गौरव करणारा मजकूर शब्दाचाही फरक न करता वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला होता. प्रेस कौन्सिलच्या समितीने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला, आणि आता प्रत्येक जिल्ह्यात निवडणुकीच्या काळात अशा मजकुरावर नजर ठेवणारी समिती असते. तुम्ही ओळखायचं असेल तर खूण सोपी आहे. बातमीत विरोधी उमेदवाराचं नावच नसतं, गर्दीचा आकडा कुणी सांगितला ते नसतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर त्याच लांबीची बातमी दुसऱ्या उमेदवाराची असते.

शब्दांकडेही लक्ष द्या. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग घ्या, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, आणि सगळ्यात तीव्र विरोधांपैकी एक आपल्या जिल्ह्यातला. एकाच मोर्च्याला तीन प्रकारे शीर्षक देता येतं: 'बाधित शेतकऱ्यांचा एल्गार', 'महामार्गविरोधकांनी रस्ता रोखला', 'मोर्च्यामुळे वाहतुकीची कोंडी'. तिन्ही खरी. पहिल्यात शेतकरी कर्ता आहे आणि त्याचं नुकसान शब्दातच आलं आहे. दुसऱ्यात त्याची ओळख फक्त विरोधक एवढीच उरली. तिसऱ्यात तो दिसेनासाच झाला, राहिली ती कोंडी. मी नवीन उपसंपादकांना सांगायचो, शीर्षकातलं क्रियापद आणि कर्ता पेन्सिलीने गोल करा, मग बातमीत शेवटचं वाक्य कुणाला दिलं आहे ते बघा. ज्याला शेवटचं वाक्य मिळतं, त्याचं म्हणणं वाचकाच्या डोक्यात राहतं.

एक कल मात्र असा आहे की तो पेपर बदलूनही दिसत नाही, कारण तो सगळ्यांचा सारखाच असतो. तो गावाचा कल. कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ व्हावं या मागणीविरुद्ध अग्रलेख लिहावा असं आमच्या डेस्कवर कधी कुणाच्या मनातही आलं नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं आणि मलाही मनापासून आनंद झाला. पण त्या सगळ्या वर्षांत त्याविरुद्धचा युक्तिवाद काय आहे, हे कोल्हापूरच्या वाचकाला आम्ही नीट समजावून सांगितलं नाही, एवढं मी कबूल करतो.

महादेवी हत्तिणीचंच बघा. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती नांदणीच्या जैन मठातून जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात गेली आणि ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर हजारो माणसं पायी चालत आली. माझे नातेवाईकही चालले. स्थानिक बातम्यांत निरोप, अश्रू, शतकांची परंपरा होती. बाहेरच्या बऱ्याच बातम्यांत हत्तिणीचे पाय, तिची तब्येत, साखळी आणि न्यायालयाचं निरीक्षण होतं. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही मिळून बातमी पूर्ण होत होती, पण एका ठिकाणी दोन्ही सापडणं कठीण होतं. आणखी एक गोष्ट: वनतारा रिलायन्स समूहाशी जोडलेलं आहे, आणि २०१४ पासून नेटवर्क १८ या वृत्तसमूहावरही रिलायन्सचं नियंत्रण आहे. त्या वाहिन्यांनी बातमी वाकडी दिली असं मी म्हणत नाही. बातमी सांगताना हे नातं प्रेक्षकाला सांगितलं का, एवढं मात्र प्रेक्षकाने विचारलंच पाहिजे.

उलट एक सापळाही आहे. 'दोन्ही बाजू' दिल्या की काम झालं, असं काही जण समजतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ४३ च्या वर गेलं की नाही हे मोजपट्टी सांगते, तिथे दोन नेत्यांची दोन मतं छापण्यात अर्थ नाही. पूर कशामुळे आला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे की नदीकाठच्या बांधकामांमुळे की एकाच आठवड्यात पडलेल्या पावसामुळे, तिथे मतं आणि अभ्यास दोन्ही हवेत. मोजता येण्यासारखी गोष्ट मत म्हणून आणि वादाची गोष्ट सिद्ध झालेली म्हणून जो पेपर छापतो, त्याच्यापासून जपून राहा.

टीव्हीवरच्या संध्याकाळच्या चर्चांबद्दल मी फार सांगणार नाही. परीक्षेसाठी त्यांचा उपयोग नाही. मोबाइलवरचे स्थानिक चॅनेल बघत असाल तर त्यांच्या मागच्या सहा महिन्यांत कोणत्या नेत्याच्या वाढदिवसाच्या बातम्या आहेत ते बघा, तेवढं पुरेल.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. भवानी मंडपाजवळ करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं. आठवड्यातून एक सकाळ तिथे बसा. जिल्ह्यातली एकच घटना निवडा, चार दैनिकं शेजारी ठेवा. कुणी पान एकवर घेतली, कुणी आत टाकली, कुणी घेतलीच नाही, हे वहीत लिहा. मग तीच घटना आठ दिवसांनी आणि महिन्याने शोधा. पहिल्या दिवशी सगळेच छापतात. फॉलोअप कोण सोडतो तिथे तुम्हाला त्या पेपरची दुखरी जागा सापडेल. सहा महिन्यांची अशी वही झाली की कोणता पेपर कुणाचा, हे तुम्हाला क्लासच्या सरांना विचारावं लागणार नाही.

आणि आजोबांचा पेपर बंद करू नका. चाळीस वर्षं वाचणाऱ्या माणसाला त्या पेपरच्या गप्प बसण्याच्या जागा तुमच्यापेक्षा चांगल्या माहीत असतात, फक्त त्यांना तसं कुणी विचारलेलं नसतं. विचारून बघा: आपल्या गावच्या सोसायटीची किंवा कारखान्याची कोणती गोष्ट तुम्ही डोळ्यांनी पाहिली आणि पेपरात आलीच नाही? ते जे सांगतील, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.